मानेतली शीर कुणी बघितलीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या आरोग्य पुरवणीत धाप लागणाऱ्या रुग्णांच्या तपासण्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता. ईसीजी, एक्स-रे, इको, रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ), सगळं सोपं करून सांगितलं होतं. पण डॉक्टरांनी रुग्णाला तपासणीच्या टेबलावर घेऊन, गळ्याची बटणं काढायला लावून, हातांनी आणि डोळ्यांनी तपासावं, याचा त्यात एका ओळीनंही उल्लेख नव्हता. मी ३४ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेली. ती ओळ राहून गेली की काय होतं, ते मी गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत पाहिलं, म्हणून हे पत्र. नेहमीच्या पत्रापेक्षा ते लांबणार आहे, पण कापाकापी करून त्यातला मुद्दा कळणार नाही.

माझा थोरला भाऊ, वय ७२. दीड महिना त्याला धाप लागत होती. फोनवर तो मला 'जरा दम लागतो गं, वय झालं आता' एवढंच सांगायचा आणि मीही तेवढ्यावर थांबले, याची टोचणी मला अजून आहे. शेवटी भेटायला गेले तेव्हा त्यानं आधी फाइल माझ्या हातात ठेवली. तीन वेगवेगळ्या तारखांच्या केस पेपरांवर एकच शेरा होता, 'चेस्ट क्लिअर'. म्हणजे फुफ्फुसांत पाण्याचा आवाज नाही. इकोच्या रिपोर्टात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६० टक्के. एवढ्यावरून 'पंपिंग नॉर्मल आहे, हृदयाचं काही नाही' असं त्याला सांगितलं गेलं होतं आणि दम्याचा इनहेलर सुरू केला होता. इनहेलरनं काडीचाही फरक पडला नव्हता.

मी रिपोर्ट चाळत होते आणि तो समोर खुर्चीत ताठ बसून बोलत होता. सहज वर पाहिलं तर त्याच्या उजव्या कानाची पाळी हलत होती. फार नाही, कुणीतरी आतून हलकेच टिचकी मारावी तितकीच, पण एका लयीत. माझ्या हातातली फाइल बाजूला गेली.

"दादा, शर्टाची वरची दोन बटणं काढ."

सरळ बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या हाडाच्या वर शिरेची हालचाल दिसायलाच नको. दादाची जबड्याच्या कोनापर्यंत दिसत होती. मग मी विचारायला लागले. रात्री किती उशा घेतोस? "तीन. पाठ दुखते म्हणून." पूर्वी किती घ्यायचास? जरा थांबून म्हणाला, "एक." बुटाची लेस बांधताना काय होतं? "वाकलो की छातीत कोंडतं, म्हणून बिनलेसचे बूट घेतले." वाकल्यावर ३० सेकंदांच्या आत धाप लागणं हे हृदयातला दाब वाढल्याचं लक्षण आहे. २०१४ साली त्याला बेंडॉप्निया असं नावही मिळालं. दादानं त्यावर उपाय म्हणून बूट बदलले होते. फाइलमध्ये उशांबद्दल किंवा बुटांबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि मानेबद्दल तर नव्हतंच.

मानेतल्या शिरेला एवढं महत्त्व का, ते सांगते. मानेच्या उजव्या बाजूची आतली मोठी शीर जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. पाण्याच्या टाकीला बाहेरून काचेची नळी लावली की टाकीतली पातळी नळीत दिसते, तसा हा प्रकार आहे. हृदयाला रक्त पुढे ढकलणं जड जायला लागलं की मागे दाब साचतो आणि मानेतली पातळी चढते. ती मोजायची साधी पद्धत ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३० साली लिहिली आणि आजही तीच शिकवली जाते. रुग्णाला सुमारे ४५ अंशांत टेकवायचं, मान किंचित डावीकडे वळवायची, आणि छातीच्या हाडाला वरच्या भागात जो उंचवटा हाताला लागतो तिथपासून शिरेच्या स्पंदनाचं वरचं टोक सरळ उभ्या रेषेत किती उंच आहे ते बघायचं. तीन सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं तर दाब वाढलेला. तो उंचवटा उजव्या कप्प्याच्या पाच सेंटिमीटर वर धरतात, म्हणून तीनात पाच मिळवून आठ सेंटिमीटर पाण्याचा दाब ही नेहमीची वरची मर्यादा.

हे वाचायला सोपं आहे, नजर बसायला वेळ लागतो. आमचे सर राउंडला खिशात एक छोटा टॉर्च आणि दोन पट्ट्या घेऊन यायचे. टॉर्च समोरून मारायचे नाहीत, बाजूनं तिरपा धरायचे, म्हणजे मानेवर सावली पडते आणि ती सावली हलताना दिसते. धमनीचा ठोका बाहेर उसळतो आणि बोटाला लागतो. शिरेचं स्पंदन मऊ असतं, एका ठोक्यात दोनदा लवतं, आत ओढल्यासारखं दिसतं आणि बोटाला लागत नाही. गळ्याच्या तळाशी हलकं बोट ठेवलं की नाहीसं होतं. श्वास आत घेतला की खाली उतरतं, माणूस उठून बसला की खाली उतरतं. सर म्हणायचे, "घाई करू नका, आधी नुसतं बघत राहा." पहिले काही दिवस मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. एक दिवस दिसलं, आणि त्यानंतर समोर बसलेल्या कुठल्याही माणसाच्या मानेकडे लक्ष गेल्याशिवाय राहिलं नाही.

माझी पहिली मोठी चूक याच शिरेच्या बाबतीत झाली होती. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात एका आजोबांच्या केस पेपरवर मी 'जेव्हीपी (म्हणजे या मानेतल्या शिरेचा दाब) वाढलेला नाही' असं लिहिलं, कारण ४५ अंशांवर मला शिरेचं टोक कुठेच दिसलं नव्हतं. सरांनी ते वाचलं, मला काहीही न बोलता आजोबांच्या पाठीला हात देऊन त्यांना पलंगावर सरळ उठवून बसवलं, आणि टोक कानाच्या खाली दिसायला लागलं. दाब इतका चढला होता की टेकलेल्या स्थितीत टोक जबड्याच्याही वर, डोक्यात दडलेलं होतं. मला दिसलं नाही आणि मी 'नाही' असं लिहून मोकळी झाले. कधी रुग्णाला आणखी आडवं करावं लागतं, कधी सरळ बसवावं लागतं. टोक सापडेपर्यंत कोन बदलत राहायचा, आणि सापडलंच नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. 'वाढलेला नाही' आणि 'दिसला नाही' यांत रुग्णाच्या जिवाइतकं अंतर असू शकतं.

आता त्या 'चेस्ट क्लिअर'बद्दल. हृदय निकामी व्हायला लागलं, म्हणजे हार्ट फेल्युअर झालं, की छातीत पाणी होतं आणि स्टेथोस्कोपला बुडबुड्यांसारखा आवाज येतो, ज्याला आम्ही क्रेप्स म्हणतो, हे सगळ्यांना माहीत असतं. अचानक बिघडलेल्या रुग्णात तसं होतंही. पण दाब हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे वाढत गेला तर फुफ्फुसातल्या रसवाहिन्या रुंदावतात आणि जास्तीचं पाणी ओढून नेतात. दाब चढलेलाच असतो, आवाज मात्र येत नाही. १९८९ साली लिन स्टिव्हन्सन आणि जोसेफ पर्लोफ या हृदयरोगतज्ज्ञांनी जुन्या हार्ट फेल्युअरचे ५० रुग्ण आधी हातानं तपासले आणि मग त्यांच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब नळी घालून मोजला. ४३ जणांत तो पाऱ्याच्या २२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे बराच वाढलेला निघाला. त्यातल्या १८ जणांत क्रेप्स, पायांवरची सूज आणि फुगलेली मानेची शीर यांतलं एकही चिन्ह नव्हतं.

हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण तो माझ्याही विरोधात जातो. हाताची तपासणी चुकते. चिन्ह नाही म्हणून आजार नाही, असं छातीठोकपणे कुणीही म्हणू नये. पण चिन्ह सापडलं तर त्याचं वजन मोठं असतं. २००५ साली जामा या नियतकालिकात धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एक आढावा आला. तिसरा हृदयध्वनी, म्हणजे 'लब-डब'नंतरचा जास्तीचा आवाज, ऐकू आला तर हार्ट फेल्युअरच्या बाजूचं पारडं सुमारे ११ पटींनी जड होतं. मानेची शीर फुगलेली असेल तर सुमारे ५ पटींनी. क्रेप्सनी मात्र ३ पटींहूनही कमी, आणि पायाच्या सुजेनं त्याहूनही कमी. म्हणजे ज्या दोन गोष्टी सगळे तपासतात, छातीतले आवाज आणि पाय, त्याच सर्वांत कमी सांगतात, आणि ज्या दोन सर्वांत जास्त सांगतात त्या बघायला कुणाला वेळ नसतो. हार्ट फेल्युअरच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २००१ साली हेही दिसलं, की फुगलेली शीर किंवा तिसरा ध्वनी असलेल्यांना पुढे पुन्हा भरती व्हावं लागण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त होता. निदान झाल्यावरही या दोन गोष्टी दर भेटीत बघायच्या त्या यासाठी.

तिसरा ध्वनी ऐकणं हे अवघड काम आहे, ते मी लपवत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, ठोका जिथे बोटाला लागतो नेमकं तिथे स्टेथोस्कोपची लहान वाटी, बेल, टेकवायची. दाबायची नाही, नुसती टेकवायची. दाबली की खालची कातडी ताणली जाते आणि तो खोल, जाड आवाज नाहीसा होतो. 'लब-डब'च्या मागोमाग एक दबलेला तिसरा धक्का, घोड्याच्या दुडक्या चालीसारखा, म्हणून त्याला गॅलप म्हणतात. लहान मुलांत, तरुणांत, गरोदरपणात तो निरोगी हृदयातही येतो. चाळिशीनंतर आला तर मात्र थांबून विचार करायचा. गजबजलेल्या ओपीडीत तो ऐकू येत नाही हे खरं आहे. दोन चांगल्या डॉक्टरांचं त्याबद्दल एकमत होत नाही, असंही मी अनेकदा पाहिलं आहे.

त्यापेक्षा हाताशी असलेली एक युक्ती आहे, आणि ती मी प्रत्येक बॅचला स्वतःच्या हातानं करून दाखवली. रुग्णाला तोंड उघडं ठेवून शांत श्वास घ्यायला सांगायचं आणि पोटाच्या मध्यावर तळहातानं एकसारखा, घट्ट पण न दुखवणारा दाब निदान १० सेकंद धरायचा. नजर मानेवर. चांगलं हृदय पोटातून आलेलं जास्तीचं रक्त पटकन पुढे ढकलतं. शीर क्षणभर चढते आणि हात तसाच असतानाही उतरते. थकलेल्या हृदयाला ते जमत नाही. शीर तीन-चार सेंटिमीटर वर चढते, तिथेच थांबते आणि हात काढला की एकदम खाली येते. पलंगावर आडवं झाल्यावर दादाची शीर नीट दिसेना, म्हणून मी त्याला पुन्हा जवळजवळ सरळ टेकवलं आणि पोटावर हात ठेवला. शीर वर गेली आणि गेलीच. मी दहापर्यंत मोजले, तरी खाली आली नाही.

मग ६० टक्के इजेक्शन फ्रॅक्शनचं काय? हृदय निकामी होण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात स्नायू नीट आकुंचन पावत नाही, तेव्हा हा आकडा घसरतो. दुसऱ्यात स्नायू जाड आणि ताठ झालेला असतो, आकुंचन ठीक असतं पण तो सैल होत नाही, भरत नाही. आकडा ५० च्या वरच राहतो आणि मागे दाब साचत जातो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतले जवळपास निम्मे या दुसऱ्या प्रकारचे असतात, विशेषतः उतारवयात, जुना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर. दादाचा रक्तदाब २० वर्षांपासूनचा. त्याच इकोच्या रिपोर्टात खाली डावा वरचा कप्पा मोठा झाल्याचं लिहिलेलं होतं, पण ज्याला मानेतली शीर माहीत नाही तो ६० टक्क्यांवर वाचन थांबवतो. इकोनं चूक केली नव्हती. इकोला काय विचारायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. आणि आता या प्रकाराचं निदान चुकवणं परवडणारं नाही. पूर्वी या रुग्णांना पाणी काढण्याच्या गोळीपलीकडे फारसं देता येत नसे. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधानं अशा रुग्णांत भरती होण्याचं प्रमाण घटतं हे मोठ्या चाचणीत दिसलं.

उलट बाजूही सांगायला हवी. एक काकू माझ्या ओपीडीत आल्या, दोन्ही घोटे सुजलेले, बोट दाबलं की खळगा राहायचा. 'हार्ट कमजोर आहे' असं कुणीतरी सांगून चार महिने लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. त्या अशक्त झाल्या होत्या, उठताना चक्कर यायची, आणि सूज होती तिथेच होती. त्यांच्या मानेतली शीर ४५ अंशांवर जेमतेम दिसत होती आणि पोट दाबून धरल्यावरही वर थांबत नव्हती. ब्लडप्रेशरसाठी त्या ॲम्लोडिपिन घेत होत्या आणि त्या गोळीनं घोटे सुजतात. गोळी बदलली, तीन आठवड्यांत पाय उतरले. पायाची सूज मूत्रपिंडानं येते, यकृतानं येते, पायातल्याच शिरा बिघडल्या तरी येते. पाय सुजले आणि मानेतली शीर खाली असेल तर हृदयाला दोष देण्याआधी दुसरीकडे शोधावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे असतील तरी त्याला कुशीवर वळवून कमरेच्या खाली, माकडहाडावर बोट दाबून बघावं, पाणी तिथे उतरलेलं असतं.

तपासण्यांशी माझं भांडण नाही. जाड मानेच्या माणसात शीर दिसत नाही, तिथे हातात मावणारं अल्ट्रासाउंड यंत्र ती चटकन दाखवतं आणि मला त्याचा आनंदच आहे. एनटी-प्रोबीएनपीनं कितीतरी रुग्णांचं निदान सोपं केलं. पण लठ्ठ माणसात तो आकडा कमी येतो आणि मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर जास्त येतो, म्हणजे तोही रुग्णाकडे बघूनच वाचावा लागतो. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. मान बघायला आणि पोटावर हात धरायला मिळून दोन मिनिटं लागतात. दादाला दीड महिन्यात तीन वेळा तपासलं गेलं आणि ती दोन मिनिटं एकदाही मिळाली नाहीत. तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर ५० माणसं बसलेली असताना माणूस शॉर्टकट घेतो, आणि ज्यांना ही शीर कुणी बोट धरून दाखवलीच नाही ते ती बघणार कशी? परीक्षेत 'जेव्हीपी' या शब्दावर चार गुण मिळतात. तिरपा टॉर्च धरून पाच मिनिटं नुसतं बघत राहण्याला गुण नाहीत.

वाचकांनी आरशात मान बघून स्वतःचं निदान करू नये, ते जमणारही नाही. पण धाप लागत असेल तर डॉक्टरांकडे जाताना काही गोष्टी आठवून जा. उशा वाढल्या का. रात्री झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठून बसावं लागतं का. वाकल्यावर कोंडतं का. वजन काही दिवसांत झपाट्यानं वाढलं का. हे न विचारता सांगा. आणि तपासताना गळ्यापर्यंत बंद बटणं किंवा मफलर असेल तर आपणहून सैल करा. धाप एकाएकी वाढली, ओठ निळसर झाले, छातीत दुखायला लागलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर मात्र यातलं काहीही करत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.

दादाला त्याच दिवशी भरती केलं. अंगातलं पाणी काढण्याचं इंजेक्शन शिरेतून सुरू झालं आणि आठ दिवसांत त्याचं वजन सहा किलोंनी उतरलं. सहा किलो पाणी अंगात घेऊन तो दीड महिना इनहेलर ओढत होता. आता रोज सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आला की वजन करतो आणि वहीत लिहितो. गेल्या महिन्यात तीन दिवसांत सव्वादोन किलो वाढलं, तेव्हा त्यानं आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग मला.

संपादक महोदय, एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लेख छापलात तर त्यासोबत एक साधं रेखाचित्र द्या: ४५ अंशांत टेकलेला माणूस, किंचित डावीकडे वळलेली मान, छातीच्या हाडावरचा उंचवटा आणि त्याच्या वर उभ्या रेषेत तीन सेंटिमीटरची खूण. चित्र तपासून देण्याचं काम मी आनंदानं करीन.

आपली,
एक निवृत्त फिजिशियन